पांढऱ्या डब्यांचा चौकोन

आमच्या गटात मला ‘सेफ्टी डिपार्टमेंट’ म्हणत. कौतुकाने नव्हे.

ते दोन हजार नऊ साल होतं. मंदीमुळे खराडीतल्या कंपन्यांमध्ये शनिवारचं काम बंद झालं होतं आणि लोकांना अचानक छंद सापडले होते. माझा नवरा अनिरुद्ध आणि त्याच्या ऑफिसातल्या सात-आठ जणांनी मिळून सहा जुन्या कयाक विकत घेतल्या. पानशेतच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाचं फार्महाऊस होतं, तिथे त्या ठेवल्या, आणि सुट्टीच्या दिवशी धरणाच्या फुगवट्यात वल्ही मारायला सुरुवात केली. माझी नोकरी मुक्ताच्या जन्मानंतर सुटली होती, म्हणजे मी नुसती ‘अनिरुद्धची बायको’. तरी नियम माझे. जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही. निघताना आणि परतताना डोकी मोजायची. पाण्यावर काही वेगळं दिसलं, तर घरी आल्यावर सगळ्यांना मेल करायचा.

“तळ्यांच्या जिल्ह्यातली तू, आणि पाण्याला एवढी भितेस?” अनिरुद्ध विचारायचा.

मी भंडाऱ्याची. तळ्याकाठी वाढलेली माणसं पाण्याला भितातच, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला कसं सांगायचं? त्याला पाणी नळात भेटलेलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सुदर्शनने ‘स्वच्छता मोहीम’ काढली. सुदर्शन म्हणजे आमच्या गटाचा म्होरक्या. ऑफिसात टीम लीड, पाण्यातही टीम लीड. शनिवारी फक्त मोठ्यांनी जायचं, कचरा काढायचा. रविवारी दुसरी तुकडी, मुलाबाळांसकट. त्या तुकडीने शनिवारी संध्याकाळीच फार्महाऊसवर मुक्कामाला यायचं. मुक्ता चार वर्षांची. तिला मी रविवारच्या तुकडीत घातलं नव्हतं. त्यावरूनही थोडं हसून झालं होतं.

पाणी खूप उतरलं होतं. काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, त्यात रुतलेल्या चपला, बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, पुडे. आम्ही खरंच राबलो. दहाच्या सुमाराला अनिरुद्ध आणि मी आमची दोघांची कयाक घेऊन जरा आत गेलो, तर पाण्यावर खाद्यतेलाचे पांढरे डबे तरंगत होते. पाच-पाच लिटरचे. चार.

“काय लोक असतात,” अनिरुद्ध म्हणाला. “एवढ्या आतसुद्धा!”

पहिला डबा ओढला तर येईना. खाली निळी नायलॉनची दोरी होती, ताठ. माझ्या पिशवीत काकडी कापायची सुरी होती. मी दोरी कापली. दुसऱ्याची कापली. तिसऱ्याची कापताना माझ्या लक्षात आलं की चारही डब्यांना तीच निळी दोरी आहे, गाठही सारखीच आहे, आणि प्रत्येक डब्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढलेला आहे. लक्षात आलं, हे मी स्पष्ट लिहिते. वर्तमानपत्रातला अपघाताचा पाच ओळींचा मजकूर वाचूनही रात्रभर जागणारी बाई मी. नजरेतून काही सुटत नाही. पण मागून सुदर्शन ओरडला, “वा, सेफ्टी डिपार्टमेंट! आज एकदम फॉर्मात!” आणि मला बरं वाटलं. एरवी मी नको म्हणणारी. त्या दिवशी मी करणारी होते.

चौथा डबा अनिरुद्धने न कापता ओढला. हिसके देऊन देऊन दोरी वर आली, आणि तिच्या टोकाला जात्याची तळी.

“बाल्कनीत काय दिसेल!” तो खूश झाला. “वर कुंडी ठेवू.”

सुदर्शन जवळ आला. त्याने वल्हं सरळ खाली घातलं, ते लगेच टेकलं. “अरे, गुडघाभर पाणी! आणि खाली गाळ नाही, दगड आहे. उद्या पोरांना इथेच उतरवू. फुकटचा स्विमिंग पूल.”

समोरच्या काठावर एक म्हातारा उभा होता. शेजारी त्याची होडी पालथी घातलेली. तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता, काहीतरी ओरडतही होता. वाऱ्यामुळे ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी वल्ही उंचावून त्याला प्रतिसाद दिला. सुदर्शनने माझ्या कॅमेऱ्यातून फोटो काढला.

*

अकरा पोती कचरा निघाला. त्यातली दोन आमच्या वाट्याला आली, धुऊन भंगारवाल्याला द्यायची म्हणून. संध्याकाळी मी बाल्कनीत डबे धुवायला घेतले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सुशीलाबाईंचं सारं आयुष्य शनिवार पेठेत गेलेलं, मुलाने खराडीत फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी फक्त “पुणे कुठे राहिलं मग?” एवढंच विचारलं होतं.

“जातं आणलंत?” त्या म्हणाल्या. “बरं झालं. पिठाच्या गिरणीत जायला नको.”

“अहो आई, पाण्यात सापडलं. डब्याला बांधलेलं होतं.”

“डब्याला? कशाला?”

त्या आत गेल्या. मी त्या तळीकडे बघत राहिले. भोक बरोबर मध्ये, त्यातून दोरी दोनदा ओवून पक्की आवळलेली. कुणीतरी हे जातं होडीत घातलं असेल, आत नेऊन सोडलं असेल. असं चार वेळा. कचऱ्याला कुणी जातं बांधत नाही.

मी कॅमेरा काढला. काठावरच्या म्हाताऱ्याचा फोटो मोठा करून बघितला. माणूस दुरून नमस्कार करतो तेव्हा त्याचं तोंड असं उघडं नसतं.

सात वाजले होते. मी सुदर्शनला फोन लावला.

“सुदर्शन, ते डबे. मला वाटतं ते कुणीतरी मुद्दाम लावले होते.”

“जाळ्याचे असतील गं. कोळी लावतात.” गाडीत मुलांचा कल्लोळ चालला होता. “उद्या कोणी भेटलं तर देऊ त्याला पैसे.”

“नाही, पण म्हणजे... उद्या तिथे उतरण्याआधी जरा बघशील?”

“बघतो ना. प्रिया, आम्ही खडकवासल्याच्या पुढे आलोय, रेंज जाईल आता—” आणि गेलीच.

चैताली त्यांच्या मागच्या गाडीत होती. तिचा सहा वर्षांचा साई बरोबर होता. चैताली माझी मैत्रीण. एकेकाळी ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. तिचा नंबर लावला. एकदा वाजला. मी कट केला.

का कट केला, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. तिला काय सांगणार होते? की मला भीती वाटते? ती मला रोजच वाटते, आणि चैतालीला ती पाठ होती. आणि नुसती भीती सांगून भागलं नसतं. दोरी कुणी कापली, तेही सांगावं लागलं असतं. दोन मिनिटांनी मनाचा हिय्या करून पुन्हा लावला, तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

“पहाटे जाऊ,” अनिरुद्ध म्हणाला. त्याने थट्टा केली नाही, एवढ्यावरूनच मला कळलं की त्यालाही पटलंय. “अंधारात कोणी पाण्यात उतरणार नाही.”

*

पहाटे पाचला आम्ही डबे आणि जातं गाडीत घालत होतो, तेव्हा सासूबाई जाग्या झाल्या.

“रविवारी पहाटे उठून कचरा परत टाकायला निघालात?” त्या म्हणाल्या. “छान. शहर सुधारलं.” आणि मग मुक्ताच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत, माझ्याकडे न बघता, “जा लवकर. हिची काळजी नको.”

स्वारगेटला तेवढी बॅगा घेतलेल्या माणसांची गर्दी होती. पुढचा रस्ता मोकळा. मी मनाशी सारखं म्हणत होते की जाळ्याचेच असतील. कोळ्याची क्षमा मागू, पैसे देऊ, नाश्ता करून परत येऊ. खडकवासला मागे पडलं, तसा फोनवरचा एकेक दांडा कमी झाला.

फार्महाऊसच्या अलीकडे तीन किलोमीटरवर तो काठ रस्त्यावरूनच दिसला. पालथी होडी, आणि तिच्याशेजारी बसलेला म्हातारा. गाडी थांबवून मी डबे घेऊन खाली उतरले. त्याने आधी डबे पाहिले, मग मला.

“तुमीच काय त्या?”

“हो. काका, चुकलं आमचं. जाळ्याचे होते का?”

“जाळ्याचे?” तो उठला. “जाळं लावाया मी काय कोळी हाय? होडी हाकतो मी. धोंडिबा म्हंत्यात मला. बाई, हीर हाय तिथं. आमच्या आज्यानं खांदलेली. धरान झालं, गाव वर सरकलं, हीर खालीच ऱ्हायली.”

“विहीर? पण तिथे तर गुडघाभर पाणी—”

“ती धाव. मोटंचं बैल चालायचं ना, ती दगडी धाव. तिच्यावर गुडघाभर. आन धाव संपली की हिरीचं तोंड. सात परस.” त्याने हात उभा वर केला, एक माणूस, आणि त्यावर आणखी एक, असं बोटाने दाखवलं. “सात माणसं येकावर येक. वरून समदं पानी सारखंच दिसतं.”

अनिरुद्धने विचारलं, “मग काल तुम्ही होडीतून का नाही आलात सांगायला?”

“डांबर लावलं व्हतं की होडीला! वल्ल्या डांबराची होडी घालू पान्यात? काठावरून बोंबललो तर तुमी मला टाटा केला. मंग सांजच्याला डबे हुडकाया गावात गेलतो, दोनच घावले.” त्याने थुंकून बाजूला पाहिलं. “दरसाली पानी उतरलं की बांधतो. आमास्नी न्हाई लागत. आमी डोळं झाकून जातो. तुमच्यासारक्यांसाठी बांधतो.”

“काका, आज मुलं येणार आहेत. तिथेच उतरवणार आहेत.”

धोंडिबा अनिरुद्धला म्हणाला, “धरा.” दोघांनी होडी सुलटी केली आणि ओढत पाण्यात नेली. डांबर अजून चिकट होतं. दोघांचे तळवे काळे झाले. अनिरुद्ध गाडीने फार्महाऊसकडे सुटला, ते निघाले नसतील तर तिथेच अडवायला. मी होडीत बसले, चार डबे मांडीवर धरून.

ते निघाले होते. जरा आत गेल्यावर सकाळच्या धुरकटातून मला आधी रंग दिसले: लाल, पिवळ्या कयाक एकीला एक बांधलेल्या. आणि पुढे पाण्यात उभी मुलं. पाच. गुडघ्याएवढ्या पाण्यात, एकमेकांवर पाणी उडवत. आणि कयाकमध्ये पडलेला जॅकेटांचा ढीग. गुडघाभर पाण्यात जॅकेट कशाला?

मी उभी राहिले. ओरडण्यासाठी छाती भरून घेतली.

“बसा!” धोंडिबा दबक्या आवाजात म्हणाला. “आरडू नगा.”

“अहो, मुलं—”

“आरडला तर पोरं पळतील. कुनीकडं पळतील, सांगा? होड्यांकडं पाच पावलं, हिरीकडं दोन. हसत जायचं. खाऊबिऊ हाय का जवळ?”

माझ्या पिशवीत मुक्तासाठी घेतलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा होता.

“मी होडी आडवी घालतो हिरीच्या तोंडावर,” तो म्हणाला. “झाकन लावल्यासारकी. तवर तुमी त्यास्नी जाग्याव धरून ठिवा.”

मुक्ताच्या जन्मापासून मी ओरडत आले आहे. जिन्यावर, रस्त्यावर, गॅसजवळ. ओरडणं हेच माझं राखण करणं होतं. त्या अर्ध्या मिनिटात मला आयुष्यात पहिल्यांदा भीती तोंडातल्या तोंडात धरून ठेवायची होती, आणि वर हसायचं होतं. माझा चेहरा कसा झाला असेल, देव जाणे.

“अरे, कोण कोण आहे इथे?” मी हाक मारली. आवाज माझा वाटत नव्हता. “लाडू कोणाला हवाय? पण एक गंमत आहे. जो जागच्या जागी पुतळा होईल, त्यालाच!”

तीन मुलं लगेच पुतळा झाली. एक मुलगी हात वर करून तशीच थबकली.

“प्रिया!” सुदर्शन कमरेवर हात ठेवून उभा होता. “आज पण आलीस?”

“आले ना,” मी हसत म्हणाले. “सुदर्शन, तुझ्या डाव्या हाताला जी दोन मुलं आहेत, त्यांचे हात धर. हसत राहा. आणि एकेकाला कयाकमध्ये बसव. का ते विचारू नकोस.”

त्याने तोंड उघडलं. माझ्याकडे नीट पाहिलं. मिटलं. आणि दोघांचे हात धरले. या माणसावर मी नंतर रागावले, तो माझ्यावर रागावला, पण त्या क्षणी त्याने विचारलं नाही, हे मी विसरणार नाही.

साई पुतळा झाला नव्हता. तो सगळ्यात कडेला होता. “मला राजगिरा नाही आवडत!” म्हणून त्याने जीभ दाखवली आणि मला चिडवायला एक पाऊल मागे, विहिरीकडे टाकलं. पलीकडे चैताली कयाकमध्ये बसून कॅमेरा साईवर रोखत होती. तिला काही ठाऊक नव्हतं.

“साई, तू तर जिंकलास की,” मी म्हणाले. “राजगिरा नाही, तर तुला होडीत बसायचं बक्षीस.”

तो थांबला. विचार करायला लागला. धोंडिबाची होडी आवाज न करता सरकत होती. मग साई म्हणाला, “नको जा!” आणि मागे वळून पळायला निघाला.

दुसऱ्याच पावलाला तो गेला. पाणी उडालं नाही, आवाज झाला नाही. गुडघ्यापर्यंत पाण्यात असलेला मुलगा एकदम छातीपर्यंत पाण्यात गेला. पण होडीची कड तोवर त्याच्या हाताशी पोचली होती. त्याने दोन्ही हातांनी ती पकडली, ओल्या डांबरात बोटं रुतली, आणि धोंडिबाने वाकून त्याला चड्डीच्या नाडीला धरून, बकरीचं करडू उचलावं तसा वर घेतला.

“ई! काळं काळं!” साई तळवे बघून ओरडला. त्याला तेवढंच कळलं होतं.

मी मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. पाच.

*

मुलं कयाकमध्ये, जॅकेटं अंगात, अशी सगळी बसल्यावर धोंडिबाने होडीतला बांबू उचलला. तो बारा-चौदा फुटांचा असेल. होडीच्या कडेने त्याने तो सरळ खाली सोडला. बांबू गेला, गेला, त्याची मूठ पाण्याला टेकली, हात कोपरापर्यंत बुडाला. तळ लागला नाही. त्याने तो वर ओढला.

चैतालीने साईला मांडीवर घट्ट धरलं होतं. तिच्या कुडत्यावर काळे पंजे उमटले होते.

सुदर्शन पांढराफटक पडला होता. आणि तसा पडलेला माणूस बहुधा रागावतो. “हे काय आहे? एवढी मोठी विहीर, आणि बोर्ड नाही? खूण नाही? गावात कोणी जबाबदार आहे की नाही? मी तक्रार करणार आहे. कोणालाच कशी पडलेली नाही!”

धोंडिबा माझ्याकडे बघत नव्हता. तो बांबूचं पाणी झटकत होता. त्याने सांगितलं नसतं, असं मला वाटतं. मी गप्प राहिले असते, तर तो दिवस ‘प्रियाने वाचवलं’ असा झाला असता. सगळ्यांच्या तोंडावर ते यायच्या बेतात होतं. तशी ओढ मला वाटली नाही, असं म्हणणार नाही.

“खूण होती,” मी म्हणाले. “चार डबे होते. दरवर्षी हे काका बांधतात. काल मी कापले. तीन मी स्वतः. सारखी दोरी, सारखी गाठ, लाल पट्टा, सगळं दिसलं होतं मला. तरी कापले.”

पाण्यावर कयाक एकमेकींना हलकेच आपटत होत्या.

मग धोंडिबा म्हणाला, “आता कापलं ते कापलं. बांधाया कोन लागतंय?”

जातं गाडीतच राहिलं होतं. अनिरुद्ध ते घेऊन येईपर्यंत आम्ही काठावर येऊन बाकीच्या तीन डब्यांना तिथले दगड बांधले. धोंडिबाने मला गाठ शिकवली. माझी दोनदा सुटली, दोनदा त्याने पुन्हा बांधायला लावली. सुदर्शनने डबे विहिरीच्या तीन अंगांना सोडले. आणखी कुठे काय बुडालं आहे, तेही त्याने तिथेच धोंडिबाला विचारून घेतलं: देवळाची दीपमाळ, बाभळीचे बुंधे, एक पडका बंधारा. इतके महिने आम्ही या पाण्यावर येत होतो. वाऱ्याची दिशा इंटरनेटवर बघत होतो. या माणसाला कधी काही विचारलं नव्हतं.

चैताली काठावर बसून धोंडिबाने दिलेल्या रॉकेलच्या बोळ्याने साईचे तळवे पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही.

“काल संध्याकाळी माझ्या फोनवर तुझा मिस्ड कॉल होता,” ती म्हणाली. “रेंज गेल्यावर बघितला. का कट केलास?”

“तू म्हणशील, हिचं पुन्हा सुरू झालं, म्हणून.”

“म्हटलंच असतं.”

“आणि डबे मी कापले हे सांगावं लागलं असतं, म्हणून.”

ती पुसत राहिली. साई म्हणाला, “आई, दुखतंय,” तेव्हा थांबली. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “मी तुझ्यावर खूप चिडलेय, प्रिया. किती दिवस चिडून राहीन, ते मला माहीत नाही. पण यापुढे तुला काही वाटलं, काहीही, तर रिंग पूर्ण होऊ दे. मी शिव्या देईन. फोन ठेवून देईन. तू परत लाव.”

“लावेन,” मी म्हणाले.

तिने बोळा माझ्या हातात दिला आणि साईचा दुसरा तळवा माझ्यापुढे धरला.